कमळ आणि अळूं

गेल्या श्रावणांत आमच्या घरीं एक लहानसा तंटा उपस्थित झाला. न्हाणीघराचें पाणी परसांत ज्या कोपऱ्यांत जातें, तेथें आमच्या मातुश्रींनीं लावलेलें अळूं आज पन्नासांहून अधिक वर्षें नांदत आहे. सूनबाईंच्या मनांत आलें कीं, तो कोपरा साफ करून तेथें एक टांकें बांधावें व त्यांत कमळें लावावींत. आमच्या कुटुंबास हा बेत मुळींच रुचला नाहीं. सूनबाई म्हणाल्या, “कमळानें घराला शोभा येईल.” कुटुंबाकडून उत्तर आलें, “शोभेला फोडणी देतां येत नाहीं.” निवाड्याचें काम अर्थातच आमच्याकडे आलें, आणि तो विचार करीत असतां आम्हांला आमचीच एक जुनी चूक आठवली. ती आज वाचकांपुढें मांडावी म्हणतों.

पंकज हा शब्द आम्हीं उभा जन्म शिकविला. चिखलांत जन्मतें तें पंकज, ही त्याची व्युत्पत्ति. परंतु चिखलांत शेवाळही जन्मतें, बेडूकही जन्मतो आणि अळूंही फोफावतें; तरी पंकज म्हटलें कीं डोळ्यांसमोर कमळच उभें राहतें. अवयवार्थ पुष्कळांना लागू असून रूढीनें एकालाच मिळालेल्या अशा शब्दास आपले शास्त्रकार योगरूढ म्हणतात, आणि त्याचें ठरलेलें उदाहरण पंकज हेंच. मान एकाला मिळाला कीं तशाच गुणाच्या दुसऱ्याकडे कोणी पाहत नाहीं, असाही एक अर्थ त्या उदाहरणांत दडलेला आहे. पण तो आम्हांला फार उशिरां उमगला.

संस्कृत ग्रंथकारांना कमळाच्या पानावरील पाण्याचा दृष्टांत अतिशय प्रिय. भगवद्गीतेच्या पांचव्या अध्यायांत तो अलिप्ततेसाठीं आला आहे: संग सोडून कर्म करणाऱ्यास पाप चिकटत नाहीं. आद्य शंकराचार्यांच्या नांवावर असलेल्या मोहमुद्गर स्तोत्रांत तोच थेंब जीविताच्या चंचलतेसाठीं आला आहे. पान तेंच, पाणी तेंच. एकानें पानाकडे पाहिलें, दुसऱ्यानें थेंबाकडे. मराठी माणसानें मात्र तळें शोधण्याची यातायात केली नाहीं. त्यानें परसांत पाहिलें आणि क्षणभंगुर वस्तूला ‘अळवावरचें पाणी’ म्हणून टाकलें.

सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं नववीच्या वर्गांत आम्ही गीतेंतील तोच श्लोक समजावून देत होतों. पाण्यांत राहूनही पान कोरडें कसें राहतें, असें एका मुलीनें विचारलें. “तें तेलकट असतें,” असें आम्हीं ठोकून दिलें. तेव्हां मागच्या बांकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, आमच्या अळवावर बी पाणी असंच पळतं की.” त्याच्या वडिलांचा भाजीचा मळा होता. आम्हीं हंसून म्हटलें, “अरे, कोठें भगवंताचें कमळ आणि कोठें तुझें अळूं!” सगळा वर्ग हंसला. मुलगा खालीं बसला आणि त्या वर्षांत पुन्हां त्यानें आम्हांला कांहींही विचारलें नाहीं. आम्ही मात्र आपल्या कोटीवर खूश होऊन घरीं आलों, आणि त्याच दिवशीं कदाचित् अळवाचें फदफदें भुरकून जेवलोंही असूं.

आतां खरें काय, तें ऐका. १९९७ सालीं जर्मनींतील बॉन येथील बार्थलॉट आणि नाइनह्यूस ह्या वनस्पतिशास्त्रज्ञांनीं ह्या विषयावरील आपलें संशोधन प्रसिद्ध केलें. कमळाचें पान हाताला गुळगुळीत वाटलें तरी तें गुळगुळीत नाहीं. त्यावर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतके बारीक उंचवटे दाटीनें उभे असतात आणि त्या उंचवट्यांवर मेणाचे अतिसूक्ष्म कण पसरलेले असतात. पाण्याचा थेंब उंचवट्यांच्या टोंकांवर टेकतो. खालच्या फटींत हवा कोंडलेली राहते. त्यामुळें थेंब पसरत नाहीं, मोत्यासारखा गोल होतो, आणि पान जरा कलतांच घरंगळतांना वाटेंतील धूळ व बुरशीचे कण उचलून घेऊन जातो. आज भिंतींचे कांहीं रंगही ह्याच तत्त्वावर तयार होतात. म्हणजे पान कोरडें राहतें तें तेलामुळें नव्हे. खडबडीतपणा आणि मेण ह्या दोहोंच्या संयोगामुळें.

आणि अळवाच्या पानावरही असेच उंचवटे असतात व असेंच मेण असतें! तो मुलगा अक्षरशः बरोबर होता.

आश्चर्य असें कीं, ह्या दोन वनस्पतींचें आपसांत जवळचें नातें नाहीं. अळवाचे भाऊबंद म्हणजे सुरण, दिवाणखान्यांतला मनीप्लांट आणि डबक्यावर तरंगणारें टिकलीएवढें दकविड. कमळाला आपण कुमुदाची बहीण समजतों. परंतु आधुनिक शास्त्राप्रमाणें त्याचा जवळचा नातलग काश्मीरचा चिनार वृक्ष आहे. दोन निराळ्या कुळांनीं ओल्या जागीं राहण्याच्या एकाच अडचणीवर एकच तोड स्वतंत्रपणें काढली. अर्थात् ह्या कवचालाही मर्यादा आहे: १९९३ सालीं सामोआ बेटांत अळवावर करपा पडला आणि तेथील लोकांचें हें मुख्य पीक बघतां बघतां हातचें गेलें.

शोभा आणि उपयोग ही वांटणीही आपण समजतों तितकी सरळ नाहीं. कमळाचा कंद काश्मिरांत नदरू म्हणून आणि सिंधी घरांत भें म्हणून आवडीनें खातात. आपल्या बाजारांत ती कमळकाकडी. उपवासाचे मखाणे मात्र कमळाचे नव्हेत. तें मिथिलेकडे पिकणाऱ्या दुसऱ्याच एका काटेरी पाणवनस्पतीचें बीं. कमळाचें फूल तीन-चार दिवसांचें सोबती. पण चीनमध्यें कोरड्या पडलेल्या तळ्याच्या मातींत सुमारें तेराशें वर्षें पडून राहिलेलें कमळबीज रुजल्याचें १९९५ सालीं प्रसिद्ध झालें. फूल फुलत असतां बाहेर गारठा असला तरी आपली ऊब तीस ते पस्तीस अंशांपर्यंत राखतें, हेंही पुढें सिद्ध झालें. अळवाला आपल्याकडे फूल क्वचितच येतें; त्याचा वंश अळकुड्यांनींच चालतो. तें देतें तें पान, दांडा आणि कंद, म्हणजे सर्वस्व. त्याच्या अंगीं सुयांसारखे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात, म्हणून घसा खवखवतो. भरपूर शिजवून त्यांत चिंच किंवा आमसूल घालण्याची आपल्या आयाबायांची रीत त्याकरितांच. मुतखड्याची तक्रार असणाऱ्यांनीं मात्र हात आंखडता ठेवावा.

हें सर्व वाचल्यापासून तो मुलगा आमच्या मनांतून जाईना. ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशीं आम्ही मुद्दाम मंडईंत गेलों. तो आतां चांगला पन्नाशीचा गृहस्थ आहे आणि वडिलांच्याच जागीं बसतो. आम्हीं त्याच्याकडून अळवाची जुडी घेतली आणि म्हटलें, “तूं नववींत अळवाबद्दल जें बोललास तें खरें होतें. आम्ही चुकलों. वर्गासमोर हंसलों, तेंही चुकलों.” तो जुडीला सोपट बांधीत होता. हात न थांबवितां म्हणाला, “मला ठाऊक होतं, गुरुजी. रोज पहाटे पाणी मारतो न्हवं का.” नंतर जरा थांबून म्हणाला, “पोरं हसली ते मात्र ध्येनात हाये.” त्यानें पैसे मोजून घेतले, सुटे परत दिले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. आम्हांला क्षमा मिळाली किंवा कसें, हें आम्ही सांगूं शकत नाहीं. आणि ती मागण्याचा आमचा अधिकार पस्तीस वर्षें जुना झाला होता, हेंही खरें.

परत आल्यावर आम्हीं निवाडा दिला. न्हाणीचा कोपरा सावलींतला आणि साबणाच्या पाण्याचा. कमळाला फुलण्याकरितां दिवसांतून पांच-सहा तास तरी ऊन हवें आणि पाणी स्वच्छ हवें. अळूं सावलींतही तग धरतें. तेव्हां कोपरा अळवाकडेच राहावा. अंगणांत ऊन येतें, तेथें एक रुंद टोपलें ठेवून तळाशीं चिकणमाती घालावी व कमळाचा कंद लावावा. डांस होऊं नयेत म्हणून पाण्यांत गप्पी मासे सोडावेत. टोपल्यांतलें पाणी बदलावयाचें तेव्हां तें अळवाला घालावें. सूनबाईंनीं हें मान्य केलें. कुटुंबानें “बघूं” म्हटलें, म्हणजे तेंही मान्यच.

आमच्या शिक्षकबंधूंना आणि घरोघरच्या वडीलधाऱ्यांना एवढीच विनंति कीं, मूल जेव्हां आपल्या परसांतली वस्तु ग्रंथांतल्या वस्तूशेजारीं आणून ठेवतें, तेव्हां हंसण्यापूर्वीं उठून परसांत जावें आणि पानावर तांब्याभर पाणी ओतून पाहावें. आम्हांला तेवढें करावयास दहा पावलें चालावी लागलीं असतीं.