विश्लेषण : शंकरपटाला कोर्टाची परवानगी मिळाली, मग वाद मिटला का?

धानाची कापणी-मळणी आटोपली की नागपूरच्या पूर्वेकडील गावांपासून भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीपर्यंत शंकरपटांचा हंगाम सुरू होतो. सात वर्षांहून अधिक काळ हे पट कायद्याने बंद होते. आता परवानगी आहे, पण ती सशर्त आहे. या अटी काय आहेत आणि त्या का महत्त्वाच्या आहेत?

शंकरपट म्हणजे नेमकं काय?

विदर्भातील बैलांच्या शर्यतीला शंकरपट किंवा नुसतं 'पट' म्हणतात. हलक्या छकड्याला दोन बैलांची जोडी जुंपली जाते आणि धुरकरी ती हाकतो. कुठे दोन जोड्या शेजारी-शेजारी सुटतात, तर कुठे एकेक जोडी घड्याळावर धावते आणि सेकंदाच्या अंशावर निकाल ठरतो. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरच्या प्रसिद्ध पटात महिलाही जोड्या हाकतात.

तामिळनाडूच्या जल्लिकट्टूत बैलाच्या वशिंडाला लटकतात, मेक्सिकोच्या 'हारिपेओ'मध्ये बैलावर स्वार होतात. पटात तसं काही नसतं, इथे प्रश्न फक्त वेगाचा असतो. पण वेग कशामुळे येतो, यावरच सगळा वाद आहे.

बंदी का आली?

२०११ मध्ये केंद्र सरकारने खेळ-प्रदर्शनासाठी मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूसोबत महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतीही बेकायदा ठरवल्या. बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी नाही, तो वेदना आणि भीतीमुळे पळतो, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. तुतारीने (टोचणीने) टोचणं, शेपटी पिरगाळणं हे प्रकार आक्षेपाच्या केंद्रस्थानी होते.

परवानगी कशी मिळाली?

२०१७ मध्ये महाराष्ट्राने प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम मुभा दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राचे दुरुस्ती कायदे वैध ठरवले.

अटी काय आहेत?

आयोजकांना जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. धावपट्टी हजार मीटरपेक्षा लांब नसावी, पशुवैद्यकाने बैल तपासलेले असावेत आणि काठी, चाबूक, टोचणी किंवा विजेचा झटका वापरू नये, असे नियम आहेत. कायदा मोडल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

घटनापीठाने 'परंपरा आहे म्हणून चालेल' असं म्हटलेलं नाही, ही बाब अनेकदा सुटते. नव्या कायद्यांमुळे आणि नियमांमुळे बैलांचा त्रास बऱ्याच अंशी कमी होतो, या आधारावर हे कायदे टिकले. त्यांच्या काटेकोर अंमलबजावणीची जबाबदारीही न्यायालयाने जिल्हा प्रशासनावर टाकली. म्हणजेच मैदानात तुतारी परत आली, तर ज्या आधारावर पट सुरू झाला तोच आधार डळमळीत होतो.

गावाच्या दृष्टीने पट का महत्त्वाचा?

झाडीपट्टीत पट ही एका दिवसाची शर्यत नसते. पाहुणे येतात, बाजार भरतो, सोयरिकीची बोलणी होतात आणि रात्री नाटक रंगतं. वडसा (देसाईगंज) येथील नाट्य कंपन्यांचा हंगाम बराचसा अशा पटांवर आणि मंडईवर अवलंबून असतो. त्यामुळे पट बंद होण्याची झळ कलावंतांपासून चहाच्या टपरीपर्यंत पोहोचते.

दुसरा मुद्दा बैलांचा. २०१९ च्या पशुगणनेत देशातील देशी गोवंश आधीच्या गणनेपेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी घटला. ट्रॅक्टर आल्यावर बैल पोसणं परवडत नाही. विदर्भातील गवळाऊ आणि कठाणी या जाती टिकवायला पट हे एक कारण ठरतं, असं समर्थक म्हणतात. मात्र धावणाऱ्या नावाजलेल्या जोडीची किंमत लाखांत जाते. ती घेणं सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. मग या पटातून नांगराचा बैल किती वाचतो, हा प्रश्न उरतोच.

जगात काय चाललंय?

मेक्सिकोच्या 'चार्रेरिया' या परंपरेला २०१६ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळालं. तरीही धावत्या घोडीचे पाय दोराने अडकवून तिला पाडण्याच्या प्रकारावर प्राणीप्रेमींची टीका सुरूच आहे. वारशाचा शिक्का मिळाला म्हणून प्रश्न संपत नाहीत, हेच यातून दिसतं.

पुढे काय?

पोळ्याच्या आदल्या दिवशी शेतकरी बैलाचे खांदे तूप-हळदीने शेकतो. त्याच बैलाला पटात टोचणी बसते की नाही, हे पाहण्याची जबाबदारी पशुवैद्यकांवर, पोलिसांवर आणि सर्वांत आधी आयोजकांवर आहे. न्यायालयाने दार उघडलं आहे. ते उघडं राहील की नाही, हे आता दिल्लीपेक्षा गावच्या मैदानावर ठरेल.