मावळ्याला सुपरहिरो करू नका

शिवकाळावरच्या सिनेमांना नंबर द्यायची हौस आता गावोगाव आहे, आणि आमच्या येरमाळ्यातही आहे. धुळे-सोलापूर रस्त्यावरच्या कुठल्याही हॉटेलात चहाला टेका, चार पोरं हमखास यावर भांडताना सापडतील. कुणाची एंट्री भारी, कुणी जास्त गनीम कापले, कुठला सिनेमा किती कोटींवर गेला, या तीन मापांनी ती नंबर लावतात. पोरांना मी दोष देत नाही. त्यांच्या हातात ही मापं देणाऱ्या निर्मात्यांना, वाहिन्यांना आणि टाळ्या पिटणाऱ्या जाणत्यांना देतो. कोटींचा आकडा हा निर्मात्याच्या हिशेबनिसाचा विषय आहे. एंट्री ही कॅमेरा आणि ढोल-ताशाची करामत आहे. आणि मुडदे मोजून शौर्याचा नंबर लावणं ही निव्वळ लाजिरवाणी गोष्ट आहे.

दिग्पाल लांजेकर यांच्या ‘श्री शिवराज अष्टक’ मालिकेतल्या पहिल्या पाच सिनेमांना मीही नंबर देणार आहे, पण माझी कसोटी वेगळी आहे. पडद्यावरचा मावळा शेवटपर्यंत माणूस राहतो का? त्याला भीती वाटते का, तो थकतो का, चुकतो का? आणि त्याच्या पराक्रमामागे राबलेली बाकीची माणसं आपल्याला दिसतात का? जिथे ही उत्तरं ‘हो’ येतील तो सिनेमा वर. जिथे तलवारीच्या एका फटक्यात दहा गनीम हवेत उडतील तो खाली, मग त्याने कितीही गल्ला भरलेला असो.

ही कसोटी लावायची वेळ आली, कारण आपण इतिहासातल्या माणसांचे सुपरहिरो करत सुटलो आहोत. ज्यांच्याकडून हा साचा उचलला ते लोक काय करतात तेही आपण नीट पाहिलेलं नाही. मार्व्हलचा टोनी स्टार्क संपूर्ण काल्पनिक आहे, तरी २०१३च्या ‘आयर्न मॅन ३’मध्ये त्याला भीतीने धाप लागते, झोप लागत नाही. २००४च्या ‘स्पायडरमॅन २’मधला पीटर पार्कर पिझ्झा पोचवायची नोकरी घालवून बसतो आणि खोलीचं भाडं थकवतो. ते लोक नसलेल्या माणसाला माणूसपण देण्यासाठी घाम गाळतात. आपल्याकडे खरी, हाडामांसाची, वतनावर नाव असलेली, बायकापोरं मागे ठेवून गेलेली माणसं होती. आपण त्यांचं माणूसपण खरवडून काढण्यासाठी करोडो रुपये खर्च करतो.

याचा पुरावा फार लांब नाही. २०२५च्या जानेवारीत हिंदी ‘छावा’ची झलक आली. तिच्यात संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले आणि गदारोळ उठला. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांना ते दृश्य काढून टाकावं लागलं. जो राजा तिशीत संपलेल्या आयुष्यात सतत लढत राहिला, तो क्षणभर आपल्या माणसांत लेझीम खेळला तर कुणाचा कसला अपमान झाला? आमच्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत हलगी वाजली की म्हातारेसुद्धा फेर धरतात, त्यात कुणाची पत जात नाही. मराठी मुलखातल्या राजाने मराठी खेळ खेळू नये, असं सांगणाऱ्यांना राजा नकोच आहे. त्यांना न हलणारा पुतळा हवा आहे.

त्याच सिनेमानंतर, मार्चमध्ये, मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याच्या शेतांत लोक रात्री बॅटऱ्या घेऊन मुघलांच्या मोहरा उकरायला गेले. सिनेमा पाहून माणसं सोनं शोधायला कुदळी घेतात, पण संभाजी महाराजांनी लिहिलेला ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ शोधायला वाचनालयात जात नाहीत. असा प्रेक्षक घडवला कुणी? राजाच्या हातातली तलवार तासभर दाखवून त्याच्या हातातली लेखणी लपवणाऱ्यांनीच घडवला.

आणि हे हिंदीवाल्यांचंच पाप आहे असं म्हणून मराठी माणसाने हात झटकू नयेत. अष्टकाच्या या पाचही सिनेमांत शिवाजी महाराजांची भूमिका करणारे चिन्मय मांडलेकर यांना एप्रिल २०२४मध्ये जाहीर करावं लागलं की यापुढे आपण महाराजांची भूमिका करणार नाही. कारण काय, तर मुलाच्या नावावरून समाजमाध्यमांत त्यांच्यावर आणि त्यांच्या कुटुंबावर सोडलेली घाण. ज्यांनी त्यांच्या एंट्रीला शिट्ट्या मारल्या, त्याच गर्दीतून ही शिवीगाळ आली. नटाचं घर आणि लेकरू सुरक्षित ठेवता न येणाऱ्या भक्तीला महाराजांचं नाव घ्यायचा अधिकार नाही, हे मी स्पष्ट सांगतो.

आता नंबर.

पाचवा ‘शेर शिवराज’, एप्रिल २०२२. धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाने हे लिहावं याचं काहींना वाईट वाटेल, कारण अफझलखानाच्या स्वारीच्या कथेत आमचं तुळजापूर येतं. खानाने भवानीला उपद्रव दिल्याचं सभासदाची बखर सांगते आणि ती जखम इथे अजून ओली आहे. म्हणूनच मला या सिनेमाकडून जास्त हवं होतं. १० नोव्हेंबर १६५९ला प्रतापगडाखाली महाराजांनी खानाला मारलं, त्याची तयारी आधीचे कित्येक महिने चालली होती. पंताजी गोपीनाथांनी बोलणी लावली. आपण घाबरलो आहोत असं भासवून खानाला वाईहून जावळीच्या रानात उतरवलं. कान्होजी जेध्यांनी वतनावर पाणी सोडून महाराजांची बाजू धरली. रानात ठिकठिकाणी माणसं पेरली गेली. हे बुद्धीचं, धीराचं आणि विश्वासाचं काम आहे. सिनेमाला हे माहीत आहे, पण त्याचा जीव अडकतो तो मुकेश ऋषींच्या धिप्पाड खानात आणि शेवटच्या मिठीत. हा सिनेमा देवत्वाच्या सर्वांत जवळ जातो, म्हणून माणसापासून सर्वांत लांब राहतो.

चौथा ‘सुभेदार’, ऑगस्ट २०२३. हिंदीतल्या २०२०च्या ‘तान्हाजी’पेक्षा तो शंभर पटींनी बरा. तिथे उदयभानाला भाजलेली मगर खायला बसवून राक्षस केलं. शत्रूला सर्कशीतला प्राणी केलं की आपला माणूसही लहान होतो, एवढं साधं गणित त्या मंडळींना कळलं नाही. अजय पुरकरांचा तानाजी घरादाराचा, नात्यागोत्याचा माणूस वाटतो. पण ४ फेब्रुवारी १६७०च्या सिंहगडावरच्या त्या रात्रीचा सगळ्यात मोठा क्षण माझ्या मते तानाजीचा नाहीच. तानाजी पडल्यावर मावळे माघारी पळायला लागले आणि त्याचा भाऊ सूर्याजी याने परतीचे दोर कापल्याचं सांगून त्यांना वळवलं, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. जे पळाले, तेच फिरले आणि त्यांनीच गड घेतला. भ्यालेल्या माणसाचं परत उभं राहणं याहून मोठा पराक्रम मला माहीत नाही. कुठल्याही दिग्दर्शकाने तिथे थांबायला हवं, त्या पळणाऱ्यांचे चेहरे दाखवायला हवेत. ‘सुभेदार’ तिथे हवा तेवढा थांबत नाही.

तिसरा ‘फत्तेशिकस्त’, नोव्हेंबर २०१९. याच्या जाहिरातीत पहिला सर्जिकल स्ट्राइक अशी दवंडी पिटली गेली, ती मला तेव्हाही खटकली आणि आजही खटकते. एप्रिल १६६३मध्ये शाहिस्तेखानावर छापा घालायला लाल महालात घुसलेल्यांना २०१६च्या बातम्यांचा टेकू द्यायची गरज नाही. मात्र सिनेमा जाहिरातीपेक्षा शहाणा आहे. बहिर्जी नाईकांच्या हेरांची कामगिरी, वाटा, वेळा, वेषांतर, या सगळ्याला तो जागा देतो. अनुप सोनींचा शाहिस्तेखान विदूषक होत नाही, हे फार महत्त्वाचं. पुण्यात बोटं गमावलेला हा माणूस पुढे बंगालचा सुभेदार झाला आणि १६६६मध्ये त्याच्या अमलात मुघलांनी आराकानच्या राजाकडून चितगाव जिंकलं. अशा कसलेल्या सेनानीच्या बिछान्यापर्यंत पोचणं म्हणजे काय, ते शत्रूला शत्रूचा मान दिल्यावरच कळतं.

दुसरा ‘पावनखिंड’, फेब्रुवारी २०२२. महामारीनंतर थिएटरात परत आलेल्या मराठी प्रेक्षकाने हा सिनेमा डोक्यावर घेतला, तो घेण्यासारखाच होता. जुलै १६६०ची पन्हाळ्याहून सुटकेची ती रात्र एकट्या बाजीप्रभूंची नव्हती. महाराजांचा वेष घेऊन मरणाच्या पालखीत बसलेला शिवा काशीद जातीने नाभिक होता. खिंडीत उभे राहिले ते बांदलांचे मावळे होते. पन्हाळ्यापासून चिखलातून, रात्रभर पालखी खांद्यावर घेऊन पळणारे भोई होते. समोर सिद्दी जौहर होता, ज्याने पन्हाळ्याच्या पावसातही सैन्यासाठी छपरं घालून वेढा ढिला होऊ दिला नाही. सिनेमा शिवा काशीदला आणि बांदलांना त्यांचं देणं बऱ्यापैकी देतो. पहिला नंबर हुकतो तो खिंडीतल्या लांबलेल्या लढाईमुळे. वार इतके होतात की त्यांची वेदना वाटेनाशी होते. बाजींचं शरीर तुटत असताना ते शरीर आहे हेच आपण विसरतो, आणि तिथे सुपरहिरो आत शिरतो.

पहिला ‘फर्जंद’, १ जून २०१८. होय, तंत्रात कच्चा. होय, कमाईत ‘पावनखिंड’च्या मागे. तरी पहिला. १६७३मध्ये कोंडाजी फर्जंदने साठ मावळे घेऊन पन्हाळा जिंकला. हा सिनेमा यायच्या आधी कोंडाजीचं नाव किती घरांत माहीत होतं? आमच्या भागात तर नाहीच. या सिनेमाने एका विसरलेल्या माणसाला त्याचं काम परत दिलं. त्यात तयारी आहे, माणसं निवडणं आहे, आधी हेर पाठवून गडाचं पोट तपासणं आहे. साठच माणसं असल्यामुळे प्रत्येकाची किंमत आहे. गड चढणारा इथे अवतार नाही, नेमून दिलेली कामगिरी पार पाडणारा शिपाई आहे. मला शिवकाळाचं मोठेपण इथेच दिसतं.

यावर नेहमीचा आक्षेप येतो: सिनेमा म्हणजे करमणूक, अतिशयोक्ती चालायचीच. हा बचाव मी ऐकून घेणार नाही. बाबूराव पेंटरांनी १९२३मध्ये ‘सिंहगड’ हा मूकपट केला, त्यात व्ही. शांताराम शेलारमामा झाले होते. भालजी पेंढारकरांनी १९५२मध्ये ‘छत्रपती शिवाजी’ आणि १९६४मध्ये ‘मराठा तितुका मेळवावा’ केला. त्यांच्याकडे संगणक नव्हता, माणसाला हवेत गिरक्या घालायला लावणारं तंत्र नव्हतं. चेहरा, आवाज आणि शब्द यांवरच त्यांना काम भागवावं लागलं, म्हणून त्यांचं लक्ष माणसावर राहिलं. तंत्र वाढलं हे चांगलंच झालं. पण ते माणसाच्या सेवेला लावायचं सोडून माणसाच्या जागी बसवलं गेलं.

स्वराज्य एका अचाट पुरुषाच्या दंडातल्या बळाने झालं, ही शिकवण खोटी तर आहेच, शिवाय घातक आहे. ती ऐकून मोठं झालेलं पोर पुढच्या अचाट पुरुषाची वाट बघत बसतं. आमच्या येरमाळ्याच्या यात्रेत चैत्र पौर्णिमेनंतर येडेश्वरीच्या पालखीच्या वाटेवर लाखो भाविक चुनखडी वेचतात. एकेका हाताचा एकेक खडा आणि त्याचा ढीग होतो. स्वराज्य असंच उभं राहिलं: भोई, नाभिक, हेर, कारकून, लोहार, बेरड, रामोशी, कोळी, आणि दाणागोटा पिकवणारे कुणबी. महाराजांना हे पक्कं ठाऊक होतं. चिपळूणच्या छावणीला त्यांनी लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण जपून वापरा, रयतेला काडीचाही त्रास देऊ नका, रात्री दिवे जळत ठेवू नका, नाहीतर उंदीर पेटती वात ओढून नेतील आणि गवताच्या गंजी पेटतील, इथपर्यंत त्यात सूचना आहेत. गवताची गंजी आणि उंदीर यांची काळजी वाहणारा राजा! जगातल्या कुठल्या सुपरहिरोने शेतकऱ्याच्या वैरणीचा विचार केला आहे? आम्ही दुष्काळी भागातली माणसं. वैरणीची किंमत आम्हाला समजते, म्हणून हे पत्र आम्हाला कुठल्याही तलवारबाजीहून मोठं वाटतं. पण त्या पत्रावर सिनेमा करायची हिंमत कुणी दाखवत नाही, कारण त्यात एंट्री नाही.

अष्टक म्हणजे आठ, म्हणजे या पाचांपुढे अजून जागा आहे. लांजेकरांनी कोंडाजीला अंधारातून बाहेर काढलं, हे ऋण मी मान्य करतो, आणि त्या ऋणाच्याच हक्काने मागणी करतो. ‘फर्जंद’मध्ये पन्हाळा जिंकणारा हाच कोंडाजी पुढे संभाजी महाराजांच्या काळात जंजिऱ्यात शिरला. तिथल्या सिद्दीला मिळाल्याचं सोंग घेऊन आतून गड उडवायचा बेत होता. तो फसला, कोंडाजी पकडला गेला, मारला गेला, आणि जंजिरा मराठ्यांच्या हाती कधीच आला नाही. विजयाचा नगारा नाही, भगवं निशाण चढत नाही, शेवटी फक्त एक हरलेली कामगिरी आणि ती पत्करणारा एक माणूस. तो सिनेमा करा. हरणाऱ्या कोंडाजीलाही जो प्रेक्षक उभं राहून मान देईल, तोच महाराजांचा जयजयकार करायला लायक आहे.