नाव मिळालं, विद्यापीठ कुठंय?



विद्यापीठाच्या नावासाठी मराठवाड्यात माणसं मेली. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं ठराव केला आणि आपल्या वस्त्या पेटल्या. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. सोळा वर्षं लागली. कमानीवरची ती अक्षरं आपली आहेत, त्यावर आता कुणाशी वाद नाही. वाद आहे तो कमानीच्या आत कोण जातं याचा.

तेरखेड्याचं पोरगं बी. ए.ला नाव घालतं. सोलापूर-धुळे रस्त्यावरचं हे फटाक्यांचं गाव. माझा मावसभाऊ तिथलाच, तिसऱ्या वर्षाला. त्याला विचारलं, विद्यापीठ कसंय रे? म्हणाला, "दादा, मार्कमेमोवर शिक्का हाय, तसंच असंल." तीन वर्षांत त्यानं विद्यापीठाची लायब्ररी पाहिली नाही. संशोधन करणारा माणूस पाहिला नाही. पाहिलं काय? हॉलतिकीट, बाजारातलं गाइड आणि तासिका तत्त्वावर राबणारा, पगाराची वाट बघणारा मास्तर.

यात पोराचा दोष नाही. रचनाच अशी आहे. विद्यापीठ चार जिल्ह्यांचं, संलग्न कॉलेजं शेकडो. ग्रंथालय, प्रयोगशाळा, संशोधन सगळं संभाजीनगरच्या आवारात. २००४ साली धाराशिवला उपकेंद्र आलं, तेही मुख्यतः एम. ए., एम. एस्सी.वाल्यांसाठी. डिग्रीच्या पोरानं फी भरायची नि पेपर द्यायचा. मी गोदीत माल उतरवतो. खोक्यात काय आहे ते आम्हाला दिसत नाही, वजन तेवढं कळतं. या पोरांच्या वाट्याला ज्ञानाचंही फक्त वजन येतं.

आता २०२० चं नवं धोरण आलंय. एका वर्षात सोडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांत डिप्लोमा, तीन वर्षांत डिग्री. चौथ्या वर्षी संशोधनही घेता येतं. पण त्याला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत, आणि संशोधनाची सोय असलेला विभाग हवा. तो तालुक्याच्या कॉलेजात कुठून आणायचा? आणि पहिल्या दारातून बाहेर कोण पडणार? ज्याच्या घरी चूल पेटायची पंचाईत, तोच. पूर्वी गळालेल्या पोराच्या हाती काहीच नसायचं. आता गळतीचं प्रमाणपत्र असेल. याला म्हणे लवचिकता!

बाबासाहेबांनी मराठवाड्यात सुरुवात कुठून केली? डिग्री कॉलेजापासून. १९५० साली, विद्यापीठाच्या आठ वर्षं आधी. आणि स्वतः १९१६ साली कोलंबियात विद्यार्थी असताना निबंध वाचला तो जातींवर. ज्या आगीत होरपळले, तिचंच संशोधन केलं.

मग तेरखेड्यात विषयांचा दुष्काळ आहे का? कारखान्याचा परवाना कुणाच्या नावावर? भाजलेले हात कुणाचे? दारू भरणाऱ्या बाईला मजुरी किती? स्फोटानंतर दवाखान्याचं बिल कोण भरतो? हे प्रश्न बी. ए.च्या पोरानं वहीत उतरवले तर ते संशोधनच. फक्त ते कसं करायचं हे शिकवणारा कायमचा मास्तर पाहिजे, आणि विद्यापीठाची पुस्तकं तालुक्यापर्यंत आली पाहिजेत. दर दिवाळीला शहरात उडणाऱ्या आवाजामागचा हिशेब त्या वहीत सापडेल.

म्हणून शहरातल्या दोस्तांनो, १४ जानेवारीला कमानीपुढं जरूर जा, अभिवादन करा. पण तिथून परतताना आपापल्या तालुक्याच्या कॉलेजात शिरा. किती जागा रिकाम्या आहेत विचारा. लायब्ररीचं कुलूप कधी उघडतं विचारा. आणि मधल्या दारानं बाहेर पडणाऱ्या पोराचा हात धरा.

नाव लढून घेतलं. आता नावाच्या मागचं विद्यापीठही लढूनच घ्यावं लागंल.

जयभीम!