'फक्त'च्या पुढची जागा

शनिवारी रात्री साडेनऊच्या सुमारास आमची एव्हरशाईन सिटी घरी परतत असते. वसई स्टेशनवरून भरभरून रिक्षा येतात, वसंत नगरीच्या बाजूने दुचाक्यांची रांग लागते, आणि आठवडाभर लोकलमध्ये लोंबकळलेली माणसे उद्या उशिरा उठायचे ठरवून जिने चढत असतात. नेमक्या त्याच वेळी आमच्या मजल्यावरची एक मुलगी पाठीवर बॅग टाकून उलट्या दिशेने निघते. अंधेरीच्या एका कंपनीत ती सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहे. "अगं, आज शनिवार ना?" असे मी एकदा विचारले, तर हसून म्हणाली, "काका, लोक झोपले की आमची दुरुस्ती."

बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला हे वाक्य परके वाटायचे कारण नव्हते. आम्हीही ताळा जुळेपर्यंत शाखेत बसत असू. फरक सदतीस पैशांचा असला तरी अर्धी रात्र जाई, आणि सकाळी काउंटरवर आलेल्या ग्राहकाला त्याचा पत्ताही नसे. तिचे काम तसेच आहे, फक्त वह्यांच्या जागी संगणक आहेत. कंपनीचे शेकडो संगणक चालवणारी, कोणाला कोणते कपाट उघडता येईल हे ठरवणारी जी सॉफ्टवेअरे असतात, त्यांतल्या चुका आणि भगदाडे बुजवणे. त्या दुरुस्तीला ते लोक 'पॅच' म्हणतात. आपल्या भाषेत ठिगळ. शब्द गरीब आहे, काम गरीब नाही.

अशा सॉफ्टवेअरांत 'सुडू' नावाचा एक लहानसा प्रोग्राम आहे. १९८०च्या सुमारास अमेरिकेतल्या बफेलोच्या विद्यापीठात त्याचा जन्म झाला, आणि आज लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक यंत्रांत तो असतो. त्याचे काम बँकेतल्या माणसाला एका वाक्यात समजते: अधिकारांचे प्रत्यायोजन. शाखाधिकारी जागेवर नसला तर अमुक कारकुनाने अमुक एवढेच काम त्याच्या अधिकाराने करावे, बाकी कशाला हात लावू नये. स्ट्राँगरूमची एक किल्ली, पण मोजून दिलेली.

जानेवारी २०२१ मध्ये क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी जाहीर केले, की या किल्लीतच दोष आहे. (या कंपनीचे मोठे केंद्र आपल्या पुण्यात आहे.) यंत्रावर साधे खाते असलेला कोणीही, ज्याला सुडूने काहीही अधिकार दिलेला नाही असासुद्धा, या दोषातून थेट शाखाधिकारी होऊ शकत होता. आणि तो दोष जुलै २०११ पासून तिथे होता. म्हणजे साडेनऊ वर्षे.

दोष काय होता, हे मी त्या मुलीकडून दोन संध्याकाळी समजून घेतले. चेकवर आपण अक्षरी रक्कम लिहितो आणि शेवटी 'फक्त' लिहितो. का? पुढच्या मोकळ्या जागेत कोणी काही घुसडू नये म्हणून. संगणकातही प्रत्येक मजकुराच्या शेवटी असा एक न दिसणारा 'फक्त' असतो. आता मजकुरात तिरकी रेघ आली, तर सुडू असे समजे की हिच्यापुढचे अक्षर जसेच्या तसे उचलायचे आहे. कोणी मुद्दाम ती रेघ अगदी शेवटी टाकली, की पुढचे अक्षर म्हणजे तो 'फक्त'च. सुडू त्यालाही साधे अक्षर समजून उचलत असे आणि पुढे वाचत सुटे. वाचलेले नेमून दिलेल्या जागेत मावेना, ते शेजारच्या जागेवर सांडे. त्या सांडलवंडीतून जाणकार माणूस मुखत्यारी मिळवी. एक तिरकी रेघ! माझ्या नोकरीत 'फक्त' लिहायचे राहिले म्हणून परत केलेले चेक मला आठवले, आणि त्यावर ग्राहकांनी केलेली कुरकुरही.

दुसरी गोष्ट याहून बोचरी आहे. दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरण्यासाठी 'ओपनएसएसएच' वापरतात. त्यातला एक दोष २००६ मध्ये दुरुस्त झाला होता. ऑक्टोबर २०२०मध्ये कुठल्याशा दुसऱ्याच बदलाच्या वेळी ती दुरुस्ती नकळत निघून गेली आणि दोष परत आला. तो सापडला, जाहीर झाला १ जुलै २०२४ला. शोधणारे पुन्हा क्वालिसचेच लोक. जुनी खातेवही नवीन वहीत उतरवताना कारकुनाने नेमकी लाल शाईची ओळ गाळावी, तसे हे झाले. गाळणाऱ्याच्या मनात पाप नसते. ती ओळ तिथे का आहे, हे सांगणारा माणूस शेजारी नसतो, एवढेच.

आणि ही माणसे असतात तरी किती? सुडूचा सांभाळ टॉड मिलर नावाचे एक गृहस्थ तीस वर्षांहून अधिक काळ करत आले आहेत. पुढचे काम चालवायला कोणी आर्थिक पाठबळ द्यावे, असे त्यांना आपल्या संकेतस्थळावर लिहावे लागले. ज्या किल्लीवर जगातल्या बँका, विद्यापीठे, सरकारी कचेऱ्या विसंबतात, तिच्या कुलूपवाल्याला दारोदार विचारावे लागते. आपल्या सोसायटीत लिफ्टच्या देखभालीचा करार दरवर्षी होतो, त्यावर सभेत हातघाईवर येण्याइतकी चर्चाही होते; इथे तेवढेही नाही.

पण खरी भानगड चूक सापडण्यात नाही, तिच्यापुढे आहे. आमच्याकडे 'उचंत खाते' असे. ज्या रकमेचा मेळ लागत नाही, ती तात्पुरती तिथे टाकायची, मग शांतपणे शोधायचे. 'तात्पुरती' म्हणून टाकलेल्या नोंदी मी वर्षानुवर्षे तिथे झोपलेल्या पाहिल्या आहेत. नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या एका शाखेत संगणक आला, तेव्हा व्याजाच्या हिशेबात रोज काही पैशांचा फरक येऊ लागला. मी अधिकारी होतो. तो फरक रोज मुकाट्याने उचंत खात्यात टाकत गेलो. आठ महिन्यांनी तपासनिसाने विचारले तेव्हा कळले, की प्रोग्रामच अपूर्णांक चुकीचा गुंडाळत होता, आणि प्रत्येक बचत खात्यात तो थोडा थोडा चुकत आला होता. पहिल्याच आठवड्यात मी तोंड उघडले असते, तर चार ओळींची दुरुस्ती होती. पुढे मी दोन कादंबऱ्यांत बँकेचे दिवस लिहिले. हा प्रसंग मात्र दोन्हींतून गाळला.

संगणकाच्या जगात आज तेच चालते. ठिगळ जाहीर होते, फुकट मिळते, आणि लावायचे राहते. जुलै २०२४च्या अखेरीस देशातल्या सुमारे ३०० लहान सहकारी व ग्रामीण बँकांचे पैशांचे व्यवहार अडले. त्यांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला होता. लागण पसरू नये म्हणून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने तिची जोडणी तोडली, आणि ती १ ऑगस्टला पूर्ववत झाली. नंतर सुरक्षा संशोधकांनी मांडले, की शिरकाव एका सहयोगी पुरवठादाराकडच्या 'जेन्किन्स' या सॉफ्टवेअरमधल्या भगदाडातून झाला असावा. त्या भगदाडाची दुरुस्ती जानेवारी २०२४मध्येच प्रसिद्ध झालेली होती. सहा महिने! पतपेढ्या आणि सहकारी बँकांवर संसार उभे केलेल्या आपल्यासारख्या गावांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

असे का होते? त्या मुलीला विचारा. ठिगळ लावायचे तर यंत्र तासभर बंद ठेवावे लागते, आणि त्या तासाला कोणी सही देत नाही. "महिनाअखेर आहे." "सणानंतर बघू." "चालतंय ना, मग कशाला हात लावता?" या शेवटच्या प्रश्नाला तिच्याजवळ उत्तर नसते, कारण खरोखरच चालत असते. चांगल्या दुरुस्तीचा परिणाम म्हणजे काहीच न होणे. ३१ डिसेंबर १९९९च्या रात्री आम्ही शाखेत चहाचे थर्मास घेऊन जागत बसलो होतो. बारा वाजले, तारीख सरळ २००० झाली, आणि पुढच्या आठवड्यात लोक म्हणू लागले, काय उगाच बाऊ केला होता! त्याआधी दोन वर्षे ओळ अन् ओळ तपासणाऱ्यांना कोणी विचारले नाही.

भीती सर्वस्वी खोटी आहे, असेही नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनेच धाडलेल्या एका सदोष अद्ययावतीकरणाने जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक बसले. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. तेव्हा ठिगळ आधी एखाद्या जुन्या यंत्रावर लावून पाहावे, मग सगळीकडे, हे तिचे म्हणणे मला पटते. पण आधी पाहावे म्हणजे लावूच नये, असा त्याचा अर्थ आपले लोक सोयीने काढतात.

गेल्या महिन्यात सोसायटीच्या कचेरीतला संगणक मी तिला दाखवला. त्यात सभासदांच्या देखभाल खर्चाचा हिशेब आहे, आणि भाडेकरूंची आधार कार्डे, करारनामे, पोलीस पडताळणीचे कागद. विंडोज ७. मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० पासून तिच्या मोफत दुरुस्त्या बंद केल्या आहेत. "काका, हे इंटरनेटला जोडून ठेवू नका," एवढेच ती म्हणाली. मी सेक्रेटरींना सांगितले. ते भले गृहस्थ आहेत. पाणी तुंबते तेव्हा पहाटे उठून पंप लावतात. म्हणाले, "चालतंय ना हो साहेब?"

या रविवारी अकरा वाजता सर्वसाधारण सभा आहे. विषयपत्रिकेत लिफ्ट आहे, गळती आहे, रंगकाम आहे. 'आयत्या वेळचे विषय' यात मी संगणकाचे नाव लिहून दिले आहे. ती मुलगी येणार नाही. रात्रपाळी करून ती तेव्हा झोपलेली असेल.