बार्शी लाइट रेल्वे कोणासाठीं?

बार्शी लाइट रेल्वेचा विषय निघाला कीं, सोलापुरांत एक ठराविक वाक्य कानीं पडतें : वारकऱ्यांची दया येऊन साहेबानें ही गाडी काढली. चांगल्या शिकल्यासवरल्या मंडळींच्या तोंडींही हें इतकें रुळलें आहे कीं, त्याची शहानिशा करणें म्हणजे जणूं विठोबाविरुद्ध साक्ष देणें! तरीही ती करणें भाग आहे. कारण ज्यांच्या पैशावर ही रेल्वे चालली, ते या वाक्यांतून नाहींसे होतात आणि उपकारकर्ता तेवढा उरतो.

प्रथम सनावळी पाहावी. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा रूळ भीमेच्या खोऱ्यांतून १८५८ सालीं डिकसळास, १८५९ सालीं कुर्डूवाडीस आणि १८६० सालीं सोलापुरास आला. बोरघाट अजून पुरा व्हावयाचा होता, तो १८६३ सालीं झाला. पण लँकेशायरच्या गिरण्यांस दख्खनचा कापूस हवा होता, तेव्हां घाटमाथ्यावरचें काम कोण थांबविणार? कुर्डूवाडीहून पंढरपूर सुमारें ३० मैल. असें असतां त्या स्टेशनास नांव मिळालें तें ‘बार्शी रोड’. एक बाजारपेठ, दुसरें तीर्थ. नांव कोणाचें द्यावें याविषयीं कंपनीस घोटाळा पडला नाहीं.

पुढें एव्हरार्ड कॅलथ्रॉप याची कंपनी १८९५ सालीं निघाली आणि १८९७ सालीं अडीच फुटी गाडी कुर्डूवाडीहून सुटली. ती कोणीकडे? दक्षिणेस भीमेकडे नव्हे, तर ईशान्येस बार्शीच्या पेठेकडे. पंढरपूरचा फांटा उघडला १९०६ सालीं. विठोबास विटेवर उभें राहण्याची संवय आहे. त्यानें आणखी ९ वर्षें वाट पाहिली. आणि त्यानंतर? १९११ सालीं रूळ निजामाच्या मुलुखांतील लातुरास गेला, पुन्हां पेठच! मिरज १९२७ सालीं जोडलें गेलें.

कॅलथ्रॉपच्या बुद्धीस आम्ही उणें म्हणत नाहीं. कोणत्याही आंसावर ५ टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं आणि तो एंजिनांत व वाघिणींत सारखा वांटावयाचा, म्हणजे हलक्या रुळांवरून थोड्या खर्चांत पुष्कळ माल जातो, ही त्याची युक्ति खरोखर नामी. याच धर्तीवर खुद्द इंग्लंडांत मॅनिफोल्ड नदीच्या कांठानें १९०४ सालीं एक रेल्वे झाली. अभियंता तोच, रुळांचें अंतर तेंच. पण तेथें ना पुरेसा माल, ना पुरेसे उतारू. १९३४ सालीं ती मिटली. इकडे बार्शीची गाडी १९५४ सालीं सरकारनें ताब्यांत घेतली, तीही चालती. तिचे अरुंद रूळ रुंद होऊं लागले ते या शतकांत. हा फरक अभियंत्याच्या अंतःकरणानें पडला काय?

कोणी म्हणेल, हेतु कांहींही असो, वारकऱ्यांची सोय तर झाली ना? झाली. म्हाताऱ्याकोताऱ्यांस आषाढी-कार्तिकी घडली, हें आम्हांस मान्य आहे. परंतु त्यांनीं तिकिटें काढलीं होतीं. आणि यात्रेच्या दिवसांत माणसें मालाच्या डब्यांत कोंबण्याची रीत त्या काळीं हिंदुस्थानभर होती. दान घेणाऱ्यास तिकीट पडत नसतें.

या रेल्वेचें स्मारक कोणास उभारावयाचें असेल, तर त्यानें कॅलथ्रॉपचें नांव खुशाल कोरावें. मात्र बार्शीचा आडत्या, लातूरकडचा शेतकरी आणि तिसऱ्या वर्गाचा उतारू यांच्यापुरती जागा त्याच दगडावर राखावी.