नावाचा वाद आणि जंतूंची उसनवारी

ऑगस्ट २०१० मध्ये ‘न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’, म्हणजेच एनडीएम-१, हे नाव वृत्तपत्रांत झळकले. आपल्याकडे चर्चा रंगली ती प्रामुख्याने या नावाची. भारतातील वैद्यकीय पर्यटनाला बदनाम करण्याचा हा डाव आहे, असा आरोप संसदेतही झाला. या गदारोळात मूळ प्रश्न मात्र मागे पडला.

भारतीय वंशाचा एक स्वीडिश रुग्ण नवी दिल्लीतील रुग्णालयात उपचार घेऊन २००८ च्या जानेवारीत स्वीडनमध्ये दाखल झाला. त्याच्या लघवीत ‘क्लेबसिएला न्यूमोनिए’ हा जंतू सापडला. गंभीर संसर्गासाठी राखून ठेवलेल्या कार्बापेनेम गटातील औषधांनाही तो दाद देत नव्हता. त्या औषधांचे रेणू तोडणारे विकर तो स्वतःच तयार करीत होता. अधिक चिंतेची बाब अशी की, त्याच रुग्णाच्या विष्ठेतील ‘ई. कोलाय’ या निराळ्या जातीच्या जंतूकडेही हेच जनुक आढळले.

ते तिथे पोहोचले कसे? जंतूच्या मुख्य गुणसूत्राखेरीज त्याच्याजवळ ‘प्लाझ्मिड’ नावाची डीएनएची छोटी वर्तुळे असू शकतात. गुणसूत्रावरील गुण साधारणतः वारशाने पुढील पिढीकडे जातो. प्लाझ्मिडवरील गुण शेजाऱ्यालाही देता येतो. पूर्वी आपल्या गावांत शेजारच्या घरून चुलीसाठी विस्तव आणीत. घेणाऱ्याची चूल पेटे आणि देणाऱ्याचीही विझत नसे. प्लाझ्मिडचेही तसेच आहे: एक प्रत दिली जाते, एक मूळ जंतूकडे राहते. शिवाय एकाच प्लाझ्मिडवर अनेक औषधांना निष्प्रभ करणारी जनुके एकत्र असू शकतात. त्यामुळे एखाद्या साध्या अँटिबायोटिकचा अनाठायी वापरही इतर मौल्यवान औषधांविरुद्धच्या प्रतिकाराला खतपाणी घालतो.

हा प्रश्न रुग्णालयांच्या भिंतींआड राहिलेला नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिल्लीतील नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ आणि साचलेल्या सांडपाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत हे जनुक सापडले. कार्बापेनेम हरल्यावर डॉक्टर कोलिस्टिन या जुन्या औषधाकडे वळले. २०१५ मध्ये चीनमध्ये त्याच्याही प्रतिकाराचे जनुक प्लाझ्मिडवर आढळले.

शासन स्वस्थ बसले नाही, हे मान्य केले पाहिजे. २०१४ पासून अनेक अँटिबायोटिक औषधांच्या विक्रीची नोंद ठेवणे औषधविक्रेत्यांना बंधनकारक झाले, २०१७ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आला आणि २०१९ मध्ये पशुपालनात कोलिस्टिन वापरण्यास बंदी झाली. परंतु सर्दी-पडशासाठी दुकानातून परस्पर गोळ्या आणणारे हात आपलेच असतात. वेष्टनावरील लाल रेषा सांगते की, हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घेऊ नये. रुग्णाला भेटायला जाताना आणि परतताना हात धुणे ही गोष्टही क्षुल्लक नाही.

अतिदक्षता विभागातील वृद्धाला अथवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला उद्या औषध लागू पडेल की नाही, हे काही अंशी आज आपण घरी काय करतो यावर अवलंबून आहे. जनुकाला कोणत्या शहराचे नाव दिले, याने त्यांच्या दुखण्यात काहीच फरक पडत नाही.