इलाज चालू आहे, मग शाळा का बंद?

आपल्या समाजात कॅन्सरचे नाव अजूनही मोठ्याने घेत नाहीत. 'ती बिमारी', 'मोठा आजार' असे म्हणून वेळ मारून नेतात. त्यात पेशंट लहान मूल असेल तर घरातले बोलणेच बंद होते. नातेवाईक दुआ करतात, पैसे जमवतात, मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये कुणाची ओळख आहे का ते विचारतात. हे सगळे चांगलेच आहे. पण त्या मुलाच्या शाळेचे काय, हे कुणी विचारत नाही. विचारले तर उत्तर ठरलेले असते, "सर, आधी जान तर वाचू दे, शाळा नंतर बघू."

असे म्हणणाऱ्या बापाला मी दोष देणार नाही. पण त्याच्या बोलण्यामागे एक समजूत आहे, की कॅन्सर म्हणजे सगळे संपले. मुलांच्या बाबतीत ही समजूत खरी नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. आजार तोच, फरक पडतो तो उशिरा निदान, औषधांची टंचाई आणि अर्धवट सोडलेला इलाज यामुळे. २०३० पर्यंत जगभरातली किमान ६० टक्के मुले वाचली पाहिजेत, असे उद्दिष्ट या संघटनेने २०१८ साली ठरवले. म्हणजे आपल्याला मूल जगणार आहे हे धरून चालायचे आहे. आणि जगणाऱ्या मुलाला शाळा लागते.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर रक्ताचा. त्यातल्या नेहमीच्या प्रकाराचा इलाज दोन ते तीन वर्षे चालतो. दुसरीत असताना आजारी पडलेले मूल इलाज संपेपर्यंत पाचवीच्या वयाचे होते. या काळात त्याचे पाढे आणि वाचन तर मागे पडतेच, शिवाय त्याचे दोस्त पुढच्या वर्गात जातात आणि त्याला विसरतात. आपल्या नियमांप्रमाणे महिन्याहून अधिक काळ सलग गैरहजर राहिलेले मूल शाळाबाह्य धरले जाते. आजाराने अंथरुणाला खिळलेले मूल आणि वीटभट्टीवर कामाला गेलेले मूल असे एकाच यादीत येतात.

हॉस्पिटलमध्ये मुलाला सगळे 'पेशंट' म्हणून बघतात. सुया, सलाईन, उलट्या, गळलेले केस, स्टिरॉइडने सुजलेला चेहरा. अशा दिवसांत कुणी त्याच्यापुढे गणिताचे पुस्तक ठेवले, तर त्याला कळते की आपण उद्याही असणार आहोत असे मोठ्यांना वाटते. हे समुपदेशकाच्या शंभर शब्दांपेक्षा लवकर पोचते. म्हणूनच मुलांच्या कॅन्सरतज्ज्ञांच्या 'सिऑप' या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९०च्या दशकातच आजारी मुलांच्या शाळेविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. शिक्षण हा इलाजाचाच भाग आहे, हा त्यांचा आशय.

आता मनाची बाजू. लहान मुलांना वाटते की आपण काहीतरी वाईट केले म्हणून ही शिक्षा मिळाली. आपल्याकडे बघायला येणारी मंडळी या भीतीला खतपाणी घालतात. मुलाच्या उशाशी बसून "कुणाची नजर लागली असेल", "कुठल्या गुनाहाची सजा आहे कोण जाणे" असे बोलतात. नाबालिग मुलाच्या खात्यावर गुनाह लिहिलाच जात नाही, ही आपल्या दीनची अगदी प्राथमिक शिकवण आहे. इयादतीला जाणे सवाबचे काम आहे, पण तिथे जाऊन काय बोलायचे याचेही अदब आहेत. त्या मुलाला सरळ सांगावे, "बेटा, तुझी यात काही चूक नाही." आणि आजाराचे नाव त्याच्यापासून लपवू नये. ते वॉर्डातल्या दुसऱ्या मुलाकडून ऐकतेच, मग आईबापांवरचा त्याचा भरोसा उडतो. त्याच्या वयाला समजेल एवढे आणि खरे सांगावे.

घरातल्या बाकीच्या मुलांची आठवण तर कुणालाच राहत नाही. मालेगावहून किंवा नांदेडहून अम्मी आजारी मुलाला घेऊन मुंबईला जाते, अब्बू रोजंदारी सोडून ये-जा करतात, बाकीची मुले नानीकडे किंवा चाचीकडे राहतात. वर्गात एखादी शहाणी मुलगी अचानक गृहपाठ करेनाशी होते, चिडचिड करते. तिला रागावण्याआधी घरी कोण आजारी आहे ते विचारावे. भावाला सगळे खेळणी आणतात आणि आपल्याला कुणी विचारत नाही, याचा तिला राग येतो. मग असा राग आला म्हणून ती स्वतःलाच वाईट समजते. हे ओझे नऊ-दहा वर्षांच्या मुलीचे आहे.

चांगली कामे आपल्या राज्यातच चालू आहेत. मुंबईत २००६ साली सुरू झालेली सेंट ज्यूड्स संस्था इलाजासाठी आलेल्या कुटुंबांना मोफत राहायला जागा देते, सोबत मुलांच्या शिक्षणाचे आणि आईबापांच्या समुपदेशनाचेही बघते. कॅनकिड्स या संस्थेची 'कॅनशाला' ही शाळा खास कॅन्सरग्रस्त मुलांसाठी आहे. इंडियन कॅन्सर सोसायटीचा 'उगम' हा गट लहानपणी कॅन्सर होऊन बऱ्या झालेल्या तरुणांचा आहे. आपल्या मुलासारखाच आजार झालेला धडधाकट तरुण समोर बघितला की आईबापांना जे बळ मिळते, ते कुठल्याच गोळीत नाही. पण मुंबईचा मुक्काम संपून मूल गावी परतले की पुढे काय?

इथे कायदा कमी पडतो. शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क दिला. २०१२च्या दुरुस्तीने तीव्र आणि बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याची सोय झाली. दिव्यांगांच्या २०१६च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, थॅलेसेमिया आणि सिकलसेलही आहेत, पण कॅन्सर नाही. त्यामुळे केमोथेरपी घेणारे मूल ना धड शाळेत, ना घरच्या शिक्षणाच्या यादीत. दीर्घ आजारी मुलांनाही घरी किंवा हॉस्पिटलमध्ये शिकवण्याची सोय शासनाने स्पष्टपणे लागू करावी आणि त्यांची नोंद शाळाबाह्य म्हणून न करता वेगळी करावी, ही मागणी शिक्षक संघटनांनी लावून धरली पाहिजे. बदल्या आणि पगाराच्या मागण्यांसोबत हीही एक ओळ निवेदनात लिहायला हरकत नाही.

तोवर शाळेला बरेच काही करता येते. मुलाचे नाव पटावर ठेवावे. बालभारतीची पुस्तके उर्दू माध्यमातही मोफत पीडीएफ स्वरूपात मिळतात, ती अम्मीच्या मोबाईलवर पाठवावीत. आठवड्यातून एकदा वर्गाने फोनवर सलाम करावा. मूल परतण्याआधी वर्गाला सांगावे की हा आजार एकत्र बसल्याने किंवा डबा वाटून खाल्ल्याने लागत नाही. केस नाहीत म्हणून टोपी किंवा रुमाल घालून आले तर गणवेशाचा नियम पुढे करू नये. काही औषधांनी हाताची पकड कमजोर होते, काही इलाजांनी लक्ष आणि आठवण मंदावते. अशा मुलाला 'आळशी' न म्हणता जास्त वेळ द्यावा, तोंडी विचारावे. आणि वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला तर त्याच दिवशी त्या घरी फोन करावा. या मुलांची प्रतिकारशक्ती कमी असते आणि त्यांच्यासाठी कांजिण्या जिवावर बेतू शकतात. यातल्या एकाही गोष्टीला निधी लागत नाही.

शेवटी समाजाकडे येतो. रमजानमध्ये आपण जकातीचा हिशेब मांडतो. जकातीच्या आठ हकदारांमध्ये गरीब आहेत, कर्जात बुडालेले आहेत आणि मुसाफिरही आहेत. मुलाच्या इलाजासाठी घरदार सोडून परळच्या फुटपाथवर झोपणारे कुटुंब अनेकदा या तिन्ही खान्यांत बसते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून इलाजाचा खर्च निघाला, तरी गाडीभाडे, जेवण आणि बुडालेली मजुरी निघत नाही. याच खर्चापायी इलाज मध्येच सुटतो. मुलगी असेल तर जास्तच लवकर सुटतो, हे कडू सत्य आहे. भारतातल्या हॉस्पिटलांमध्ये कॅन्सरच्या इलाजाला मुलींपेक्षा मुलगे जास्त पोचतात, हे अभ्यासांतून समोर आले आहे. बेटी रहमत आहे असे बयान करणाऱ्यांनी याचाही जाब विचारायला हवा.

पुढच्या वेळी मोहल्ल्यात अशा घरी इयादतीला जाल तेव्हा फळांच्या पिशवीसोबत एक वही आणि रंगपेटी न्या. मुलाला त्याची इयत्ता विचारा. घरात आणखी मुले असतील तर त्यांच्याजवळही थोडा वेळ बसा.